गेम फुलस्क्रीन झाला की झूम बंद: कमी दिसणाऱ्यांनी लिनक्सवर कोणता डेस्कटॉप घ्यावा

तक्रार एकच असते, करणारे बदलतात. लिनक्सच्या डेस्कटॉपवर (म्हणजे मेनू, खिडक्या, सेटिंग असं समोर दिसणारं सगळं; लिनक्समध्ये ते वेगवेगळ्या प्रकारचं मिळतं) झूम व्यवस्थित चालतो, अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं स्टीम हे ॲप उघडतं, गेम सुरू होतो, आणि गेमने पूर्ण पडदा व्यापला की झूम बंद. कळा दाबून बघा, काही हलत नाही. गेममधून बाहेर आलं की झूम पुन्हा हजर. कुणीतरी काहीतरी करून देतं, थोडे दिवस चालतं, मग अपडेट येतं आणि परत तोच प्रकार.

तासगाव, विटा, मिरज, इकडून मला जी विचारणा होते ती बहुतेक याचीच. विचारणारी बरीचशी कॉलेजातली पोरं. कुणाला अल्बिनिझम (डोळ्यांतही रंगद्रव्य कमी असणं), कुणाला स्टारगार्ट (मधली नजर जाण्याचा आजार), आणि त्यांना आधीच कुणीतरी सांगून टाकलेलं असतं की तुमच्या डोळ्यांना लिनक्स झेपायचं नाही. ऐकून मला फार वाईट वाटतं. पोरगं दहावी-बारावीपर्यंत पुस्तकाला नाक लावून शिकलेलं असतं, घरच्यांनी पैसे साठवून पीसी घेतलेला असतो, आणि एका चुकीच्या टिकमार्कपायी ते गेम सोडून देतं.

मी स्वतः सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझ्या नजरेचा मधला भाग धूसर आहे, कडेचं दिसतं. अडीच पट मोठं केल्याशिवाय मला मेनू वाचता येत नाही. मिरजेतल्या माझ्या मित्राचं बरोबर उलटं. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. मधलं बारीक अक्षरसुद्धा तो वाचतो, पण नळीतून पाहिल्यासारखं तेवढंच दिसतं. आम्ही दोघं एकच डेस्कटॉप वापरतो, एकच गेम खेळतो, सेटिंग मात्र एकाची दुसऱ्याला चालत नाही. खाली जे सांगतोय ते आम्ही दोघांनी वापरून पाहिलेलं आहे.

बिघाड कुठे असतो

लिनक्सवर सगळ्या खिडक्या गोळा करून पडद्यावर एक चित्र काढणारा जो प्रोग्राम असतो, त्याला कंपोझिटर म्हणतात. झूम त्याच्याच हातात असतो. तयार झालेलं चित्र तो मोठं करून दाखवतो, म्हणून झूम कुठल्याही ॲपवर चालतो. ॲपने त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

जुन्या एक्स११ पद्धतीत फुलस्क्रीन गेम कंपोझिटरला सांगू शकतो की मी पूर्ण पडदा घेतलाय, तू बाजूला हो. गेम जलद चालावा म्हणून ही सोय केलेली होती. कंपोझिटर बाजूला झाला की त्याच्यासोबत झूमही जातो. तुमच्या कळा बरोबर असतात, झूमही बिघडलेला नसतो. त्या वेळी झूम करणारा जागेवरच नसतो.

वेलँड या नव्या पद्धतीत पडदा कंपोझिटरच चालवतो. गेम त्याला बंद करू शकत नाही. झूम नसेल तेव्हा तो गेमचं चित्र थेट पडद्यावर सोडतो, म्हणजे वेगही मिळतो. तुम्ही झूमची कळ दाबली की चित्र पुन्हा आपल्या हातात घेतो आणि मोठं करतो. म्हणून माझं पहिलं सांगणं कायम हेच: डेस्कटॉप निवडताना दिसतो कसा, हलका किती, हे नंतर. आधी विचारा, फुलस्क्रीन गेममध्ये याचा कंपोझिटर चालू राहतो का?

केमॅगसारखं वेगळ्या खिडकीतलं भिंग या कामाला उपयोगाचं नाही. वेलँडवर एका ॲपला दुसऱ्याच्या खिडकीतलं चित्र असं सहज मिळत नाही, आणि फुलस्क्रीन गेमच्या वर ती खिडकी दिसतही नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

आधी एवढं तपासा

तुम्ही आत्ता कशावर आहात ते बघा. प्लाझ्मा (केडीई या गटाचा) आणि ग्नोम हे लिनक्सचे दोन मोठे डेस्कटॉप. प्लाझ्मामध्ये सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘अबाउट धिस सिस्टिम’ पानावर ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ची ओळ असते. ग्नोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, आणि तिथे सिस्टिम डिटेल्समध्ये ‘विंडोइंग सिस्टिम’. तिथे एक्स११ दिसलं तर बहुतेक वेळा तुमचं कोडं तिथेच सुटतं. लॉगआउट करा आणि लॉगिनच्या पडद्यावर, कोपऱ्यातल्या सेशनच्या (डेस्कटॉप कोणत्या पद्धतीने सुरू करायचा त्याच्या) यादीतून वेलँड निवडा. ही यादी इतकी बारीक असते की आपल्यापैकी अनेकांना ती तिथे आहे हेच माहीत नसतं. पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून निवडून घ्या. पुढच्या वेळी तेच सेशन आपोआप उघडतं.

ग्राफिक्स कार्ड जुनं असल्यामुळे वेलँड चालतच नसेल, तर एक्स११ वर राहूनही सोय होते. प्लाझ्माच्या कंपोझिटरच्या सेटिंगमध्ये ‘अलाउ ॲप्लिकेशन्स टू ब्लॉक कंपोझिटिंग’ अशी ओळ आहे, तिच्यासमोरची टिक काढा. लिनक्स मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर फुलस्क्रीन खिडक्यांसाठी कंपोझिटिंग बंद करण्याचा पर्याय आहे. तो बंद ठेवायचा. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्सच्या कंपोझिटर टॅबमध्ये आधी कंपोझिटर चालू करा आणि फुलस्क्रीन खिडक्या थेट दाखवण्याची टिक काढा. सिनॅमन आणि एक्सएफसीई दोन्हीकडे अल्ट धरून माउसचं चाक फिरवलं की झूम होतो, सिनॅमनमध्ये तो आधी ॲक्सेसिबिलिटीत चालू करावा लागतो. चाकाने झूम करणं हाताला फार सोपं जातं. फक्त ज्या गेममध्ये अल्ट वापरात आहे तिथे गोंधळ होतो.

‘अपडेटनंतर पुन्हा तेच’ याचं कारणही बहुधा यातच असतं. अपडेटने सेटिंग मूळपदावर गेलं किंवा लॉगिनला एक्स११ चं सेशन परत निवडलं गेलं. अपडेट झालं की आधी वेलँड की एक्स११ सांगणारी वरची ओळ बघायची सवय लावून घ्या.

एक्स११ वर टिक काढून भागवायचे दिवस फार उरलेले नाहीत, हेही लक्षात घ्या. ग्नोम ४९ मध्ये एक्स११ सेशन मुळातच बंद करून आलं, आणि प्लाझ्मा ६.८ पासून ते नसेल असं केडीईने जाहीर केलेलं आहे. आज नवा पीसी घेणाऱ्याने वेलँड गृहीत धरूनच घ्यावं.

मग घ्यायचं काय

माझं मत: केडीई प्लाझ्मा ६, वेलँडवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हापासून वेलँड हेच तिचं मूळ सेशन आहे. मेटा, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ, धरून बरोबरचं (=) चिन्ह दाबलं की मोठं, वजाचं दाबलं की लहान, शून्य दाबलं की मूळ आकार. एवढ्यावर सगळं चालतं, गेममध्येसुद्धा.

झूमच्या सेटिंगमध्ये मात्र शिरायलाच हवं. सिस्टिम सेटिंग्जच्या शोधाच्या चौकटीत झूम टाइप करा, पान समोर येईल. तिथे झूम फॅक्टर १.२ असतो. म्हणजे अडीच पटीला पोचायला कळ पाच वेळा दाबावी लागते, आणि तेवढ्यात गेममधला संवाद निघून जातो. मी तो १.५ केला. दोनदा दाबलं की सव्वादोन पट, तिसऱ्यांदा दाबलं की साडेतीन पटीच्या जवळ. छोटासा आकडा आहे, पण खेळताना सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

त्याच पानावर माउस ट्रॅकिंगचे प्रकार आहेत. ‘सेंटर्ड’ ठेवलं तर बाण मधोमध राहतो आणि सगळा पडदा हलतो. माझ्या मित्राला तेच लागतं, कारण त्याची नजर मध्यावरच असते. बाण कुठे गेला हे शोधत बसावं लागत नाही. मला मात्र त्याने गरगरतं. मी ‘पुश’ वापरतो. बाण दिसणाऱ्या भागाच्या कडेला जाऊन टेकला तरच पडदा सरकतो, एरवी स्थिर राहतो, त्यामुळे वाचता येतं. ‘प्रपोर्शनल’ या दोघांच्या मधलं. प्रत्येक प्रकार एक एक संध्याकाळ वापरून बघा, पाच मिनिटांत ठरवू नका. डोळ्यांना आणि मानेला सवय व्हायला वेळ लागतो.

नळीसारखी नजर असलेल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. जास्त झूम तुमच्या कामाचा नाही. जेवढं मोठं कराल तेवढं नजरेच्या बाहेर जाईल. तुम्हाला मोठा बाण, गडद रंगसंगती आणि बाण सापडण्याची सोय हवी. प्लाझ्मा ६.१ पासून माउस जोरात हलवला की बाण मोठा होऊन दिसतो, ही सोय आपोआप चालू असते. मित्र तर म्हणतो, झूम नसता तरी याच्यासाठी मी प्लाझ्मा घेतला असता.

ग्नोम वाईट नाही. उजेड सहन न होणाऱ्यांसाठी त्याच्या झूममध्ये प्लाझ्मात नसलेली एक चांगली सोय आहे: ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंगांची तीव्रता झूमच्या आतच कमी-जास्त करता येते. झूम एक पटीवर ठेवून फक्त कॉन्ट्रास्ट वाढवला तरी चालतं. लॉगिनच्या पडद्यावरच ॲक्सेसिबिलिटीचा मेनूही मिळतो. प्लाझ्मासोबत बरीच वर्षं येणाऱ्या एसडीडीएमच्या लॉगिनला झूम नाही, तिथे ऑटोमॅटिक लॉगिन लावून घेणं हाच सोपा मार्ग. पण ग्नोममध्ये झूम चालू करायला सुपर, अल्ट आणि आठ अशा तीन कळा लागतात, कमी-जास्त करायलाही तीनच. एक हात माउसवर आणि एक हात चालण्याच्या कळांवर असताना ते जमत नाही. शांतपणे खेळायचे, पाळीपाळीचे गेम असतील तर ग्नोम घ्या, खुशाल घ्या.

पॉप ओएस या लिनक्सच्या कॉस्मिक डेस्कटॉपमध्येही भिंग आहे, पण पहिली आवृत्ती डिसेंबर २०२५ मधली. थोडं मुरू द्या. स्वे नावाचा वेलँड कंपोझिटर वापरा असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, त्यात झूम नाही.

झूम आहे, पण सरकत नाही

वेलँड झालं, झूम गेममध्ये चालायला लागला, की पुढची तक्रार येते: मेनूमध्ये ठीक, पण प्रत्यक्ष खेळताना झूम एका जागी अडकतो.

हा बिघाड नाही. बंदुकीचे किंवा कॅमेरा फिरवायचे गेम माउस पकडून ठेवतात. तुम्ही हात हलवता तेव्हा गेममधली मान फिरते, पण डेस्कटॉपच्या दृष्टीने बाण आहे तिथेच असतो. झूम बाणाच्या मागे जाणारा, म्हणून तोही थांबतो. अशा गेममध्ये झूम जिथे अडकेल तोच भाग मोठा दिसणार, कोपऱ्यातला नकाशा आणि खाली लिहिलेलं जीवन-गोळ्यांचं मोजमाप बाहेर जाणार.

यावर आम्ही करतो ते असं. शॉर्टकट्सच्या पानावर केविनच्या (प्लाझ्माच्या कंपोझिटरच्या) यादीत झूम केलेला भाग डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सरकवण्याच्या चार क्रिया आहेत. त्यांना आकड्यांच्या पॅडवरच्या कळा लावल्या की माउस पकडलेला असतानाही पडदा सरकवता येतो. पण त्याहून महत्त्वाचं, झूमचा उपयोग वाचण्यापुरता करा: संवाद आला, नकाशा उघडला, सामानाची यादी उघडली की मोठं, वाचून झालं की मेटा आणि शून्य. धावपळीच्या प्रसंगी झूम धरून बसू नका. त्या वेळचं मोठं दिसणं गेमच्या आतल्या सेटिंगमधून यायला हवं.

हे झटपट व्हावं म्हणून झूम माउसच्या अंगठ्याजवळच्या बटणांवर आणा. प्लाझ्माच्या माउस सेटिंगमध्ये जादा बटणांना कळा जोडण्याची सोय आहे. पुढच्या बटणाला मोठं, मागच्याला मूळ आकार. जादा बटणांचा साधा माउस पुरतो, महागडा गेमिंग माउस लागत नाही. आता मला कीबोर्डकडे वाकावं लागत नाही. अंगठा दाबला की अक्षर समोर येतं.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना बरोबरच्या चिन्हाची कळ वेगळं अक्षर देते, आणि काही वेळा झूमची जोडी त्यामुळे लागत नाही. गेम सुरू करण्याआधी इंग्रजी लेआउटवर या, किंवा झूमला लेआउट बदलला तरी न बदलणारी एखादी कळ द्या.

अक्षर मोठं करायच्या बाकीच्या जागा

झूम हा शेवटचा उपाय असावा, पहिला नाही. जितकं मूळचंच मोठं दिसेल तितका झूम कमी लागेल आणि डोळे कमी थकतील.

सुरुवात गेमच्या सेटिंगपासून करा. स्टारड्यू व्हॅलीत मेनूचा आकार आणि दृश्याचा झूम वेगवेगळे वाढवता येतात, शिवाय तो लिनक्सवर मूळचाच चालतो. नवशिक्याला मी तोच सुचवतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मेनूचा आकार वाढवणारं जीयूआय स्केल आहे, आणि कंट्रोल-बी दाबलं की मेनू वाचून दाखवणारा नॅरेटर. लिनक्सवर नॅरेटर गप्प असेल तर फ्लाइट नावाचं पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. मोठ्या गेममध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ने या बाबतीत सगळ्यांना धडा घालून दिला: हाय कॉन्ट्रास्टमध्ये पार्श्वभूमी फिकट आणि माणसं, शत्रू, वस्तू ठळक रंगात. २०२० ला प्लेस्टेशनवर आला, एप्रिल २०२५ पासून पीसीवर आहे. स्टीमवर आता गेमच्या पानावर ॲक्सेसिबिलिटीच्या सोयी लिहिलेल्या असतात. विकत घेण्याआधी त्या वाचा, ‘ॲडजस्टेबल टेक्स्ट साइज’ आहे का ते बघा.

स्टीम स्वतःच बारीक दिसत असेल तर बिग पिक्चर मोड वापरा. तो टीव्हीसाठी बनवलेला आहे, अक्षर मुळातच मोठं, वरून आकार वाढवण्याचीही सोय. साध्या खिडकीत वापरायचं असेल तर स्टीमच्या इंटरफेस सेटिंगमध्ये मॉनिटरप्रमाणे अक्षरांचा आकार ठेवण्याचा पर्याय आहे.

ज्या जुन्या गेमला आकार वाढवायची सोयच नाही, तिथे गेमस्कोप कामाला येतं. हे स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचं छोटं कंपोझिटर. गेमला ते सांगतं की पडदा १२८० बाय ७२० चा आहे, आणि आलेलं चित्र ताणून १९२० बाय १०८० च्या पूर्ण पडद्यावर दाखवतं. ठरावीक पिक्सेलमध्ये अक्षर काढणाऱ्या गेममध्ये सगळं दीडपट होतं. चित्र थोडं मऊ पडतं, पण कमी दिसणाऱ्याला तो तोटा जाणवत नाही, आणि कार्डावरचा भारही कमी होतो. गेमस्कोप डेस्कटॉपच्या आत खिडकी म्हणून चालवलं तर प्लाझ्माचा झूम त्याच्यावरही चालतो. मात्र स्टीम डेकसारखा (व्हॉल्व्हचं हातात धरायचं गेमिंग यंत्र) थेट गेमिंग मोड लावला तर तिथे प्लाझ्मा नसतोच. डेकवर स्टीमचं बटण आणि एल१ दाबून वेगळं भिंग मिळतं, पण घरच्या पीसीला साधा डेस्कटॉपच ठेवा.

चित्र धुरकट, रंग एकमेकांत मिसळलेले अशी अडचण असेल तर व्हीके बसाल्ट हा प्रोग्राम बघा. व्हल्कन या ग्राफिक्स पद्धतीवर चालणाऱ्या गेमचं चित्र ते धारदार करतं, रंग बदलतं. ऑनलाइन, अँटीचीट (फसवून खेळणारे पकडणारा प्रोग्राम) असलेल्या गेममध्ये मात्र वापरू नका.

अक्षरांबद्दल बोलतोय तर मराठीचंही बोलू. एकाच मापाला देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसतं, कारण वर वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते. सगळ्यात आधी अनुस्वार नाहीसा होतो, मग ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसायला लागतात. प्लाझ्माच्या फॉन्टच्या पानावर सहा ओळी आहेत. त्यात ‘स्मॉल’ म्हणून जी ओळ आहे ती बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी सूचनांसारखी बारीक अक्षरं तिथून येतात. तीही बाकीच्यांइतकीच मोठी करा. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घ्या किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, जाड वळणात. डेस्कटॉपवरचं मराठी एकदम वाचनीय होतं.

पीसी आणि पडदा

कार्ड एएमडीचं असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिनक्समध्येच असतो, काही करावं लागत नाही. एनव्हिडियाचं नवं कार्ड असेल तर ड्रायव्हर ५५५ किंवा त्यापुढचा हवा. २०२४ मध्ये आलेल्या त्या ड्रायव्हरपासून वेलँडवर गेमचं चित्र थरथरणं थांबलं. थरथरणारं चित्र आपल्या डोळ्यांना किती त्रास देतं हे वेगळं सांगायला नको.

खरी अडचण आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसींची. त्यात अजूनही एनव्हिडियाचं जुनं जीटी ७१० कार्ड बसवून देतात. त्या कार्डाला एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ४७०, आणि त्यावर आजचा प्लाझ्मा वेलँडवर नीट चालत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा आणि केबल मदरबोर्डला लावा. बऱ्याचदा गेमही जास्त बरे चालतात. तसं नसेल तर मिंट आणि सिनॅमन, वर सांगितलेलं सेटिंग करून.

मॉनिटरवर खर्च करताना ४के च्या मागे लागू नका. २४ इंचाच्या १०८० पी पडद्यावर एका इंचात ९२ च्या आसपास पिक्सेल बसतात, ३२ इंचाच्या १०८० पी वर ६९. तेच अक्षर, काही न बदलता, एक तृतीयांशाने मोठं. स्केलिंगची कटकट नाही, जुना गेमही मोठा दिसतो, कार्डही साधं पुरतं. घरातला ३२ इंची टीव्ही जोडणार असाल तर आधी त्याचं रिझोल्यूशन बघा. ‘एचडी रेडी’ लिहिलेले बहुतेक टीव्ही १३६६ बाय ७६८ चे असतात आणि त्यावर अक्षर फुटतं. पडदा हलणाऱ्या हातावर बसवून जवळ ओढून घ्या. आपण पडद्याकडे वाकायचं नाही, मानेचं दुखणं त्यातूनच सुरू होतं. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको. उन्हाळ्यात दुपारी चारच्या उन्हात कुठलाही कॉन्ट्रास्ट पुरत नाही.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

फेडोरा या लिनक्सची केडीई (म्हणजे प्लाझ्मा असलेली) आवृत्ती लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे जिच्यावरूनच पीसी सुरू होतो अशा पेनड्राइव्हवर, घ्या. एप्रिल २०२५ च्या फेडोरा ४२ पासून तिला मुख्य आवृत्तीचा दर्जा आहे. न टाकताच पीसी त्यावर सुरू करा, झूम चालवा, डिस्कव्हर या ॲपच्या दुकानातून सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घ्या आणि फुलस्क्रीन करून बघा. धावत्या गाडीच्या मागे झूम आत-बाहेर होतोय, चित्र थरथरत नाहीये, एवढं दिसलं तरच इन्स्टॉल करा. दुकानातून टाकून घेणार असाल तरी ही चाचणी तिथेच, पैसे देण्याआधी करून दाखवायला सांगा.

अपडेटची भीती ज्यांना जास्त वाटते त्यांना मी बझाइट ही लिनक्स सुचवतो. तीही फेडोरावरच उभी आहे, गेमसाठी सगळं आधीच बसवलेलं, प्लाझ्मासह मिळते. तिचं अपडेट चालू सिस्टिमला हात लावत नाही. वेगळी प्रत तयार होते आणि पुढच्या वेळी पीसी सुरू करताना ती वापरली जाते. जुलै-ऑगस्टच्या पावसात अपडेट चालू असताना वीज गेली तरी आधीची सिस्टिम शाबूत राहते. आणि नव्या अपडेटने झूम बिघडला, तर सुरू होतानाच्या यादीतून आधीची प्रत निवडायची. डाउनलोड करताना स्टीम गेमिंग मोडची नको, डेस्कटॉपची घ्या.

दोन गोष्टी कुठल्याही डेस्कटॉपने सुटत नाहीत. ओर्का हा स्क्रीन रीडर ईस्पीकच्या मराठी आवाजात डेस्कटॉप वाचतो, पण गेमच्या आतलं वाचू शकत नाही, कारण गेमची अक्षरं म्हणजे नुसतं चित्र असतं. आणि व्हॅलोरंट, फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत, त्यांच्या अँटीचीटमुळे. मित्रमंडळी तेच खेळत असतील तर त्यासाठी विंडोज ठेवावंच लागेल, डेस्कटॉप बदलून काही होणार नाही.

एवढं सगळं करूनही झूम बिघडत असेल तर केडीईच्या बग ट्रॅकरवर नोंद करा. प्लाझ्माची आवृत्ती, सेशन वेलँड की एक्स११, कार्ड आणि ड्रायव्हर, गेमचं नाव, तो प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय) चालतो की मूळचा लिनक्सचा, झूम किती पट आणि ट्रॅकिंग कुठलं, एवढं लिहा, आणि ॲक्सेसिबिलिटी हा कीवर्ड लावा. स्क्रीनशॉटवर भागवू नका. घरातल्या कुणाला तरी मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढायला सांगा, म्हणजे कळ दाबल्यावर काय होतं ते दिसेल. इंग्रजीत लिहायची अडचण असेल तर मला मराठीत लिहून पाठवा, मी तिथे नोंदवून उत्तर आलं की कळवतो.